दाखला हातात देईन!

सप्टेंबरच्या अंकात दर वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची चार ओळींची चौकट टाकतो आणि मोकळा होतो. या वर्षी तेवढ्यावर सुटका नाही, कारण मंडळातल्या काही मुलामुलींनी गेल्या महिन्यात इथल्या अमेरिकन शाळेतून ‘वॉकआउट’ केला. चालू तासाला दप्तर बाकावर ठेवून बाहेर पडले, मैदानावर उभे राहिले, परत आले. शाळेने ‘विनाकारण गैरहजर’ अशी नोंद केली आणि पालकांना ईमेल धाडले. त्यानंतर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झाले ते गणपतीच्या जेवणाच्या मेनूवरूनही होत नाही. एका काकांनी लिहिले, “आपल्याकडे असले खपवून घेतले नसते.”

आपल्याकडे म्हणजे कुठे? मी बीड जिल्ह्यातला. नववीत असताना तीन महिने गणिताला सर नव्हते, म्हणून आम्ही अख्ख्या वर्गाने बहिष्कार टाकला आणि लिंबाखाली जाऊन बसलो. हेडमास्तर आले, म्हणाले, “एकेकाच्या हातात दाखला देईन!” मग आम्हाला ओळीने अंगठे धरून उभे केले. पुढच्या आठवड्यात गणिताचे सर आले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नाही ते आजवर कळलेले नाही. गुडघ्यांना मात्र अजून आठवते.

पण खरोखर दाखला हातात पडलेली मुलेही आपल्याच भागातली. 1938 साल. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात; मुक्तिसंग्राम झाला तो याच राजवटीविरुद्ध. जिल्ह्यात कॉलेज नव्हते. पुढे शिकायचे तर औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज किंवा थेट हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथले शिक्षण उर्दूतून. सभा घ्यायलाही आधी परवानगी लागे. त्या वर्षी या कॉलेजांच्या वसतिगृहांतल्या प्रार्थनेत मुले ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. प्रशासनाने बंदी घातली. या गीताला मुस्लिम विद्यार्थ्यांचा आक्षेप होता आणि तो समजून घेण्यासारखा होता, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. पण बसून बोलण्याची वाट प्रशासनाने ठेवलीच नाही. पुन्हा म्हणणार नाही अशी हमी द्या, नाही तर चालते व्हा. औरंगाबाद-हैदराबादसह ठिकठिकाणी मुलांनी वर्ग सोडले, आणि शेकडोंची नावे पटावरून गेली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता. (हेच पुढे पंतप्रधान झाले. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारेही हेच.)

शिक्षकांनी काय केले? औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ मुलांच्या पाठीशी उभे राहिले. अंबाजोगाईत तर, तेव्हाच्या मोमिनाबादेत, 1935 पासून मुक्तिसंग्रामाचे पुढचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. मुलांना शिस्त लावणे हे त्यांचे रोजचे काम. शाळा सोडून त्याच 1938 च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतः निजामी राजवटीविरुद्ध सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. मुलांनी वर्ग सोडण्याआधी हेडमास्तरच बाहेर पडले होते म्हणा ना! शिस्त आणि बंड एका माणसात राहू शकतात, हे त्या गावाने डोळ्यांनी पाहिले.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र नागपूर. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. नरसिंह राव वकील झाले ते नागपूरमधूनच. ही मुले घरदार सोडून परमुलखात गेली, तिथे भाषेपासून सगळे नव्याने सुरू केले. त्यांचे धैर्य मोठे खरे, पण त्या धैर्याची माती झाली नाही याचे श्रेय ज्यांनी दार उघडले त्या थोरांचेही आहे.

आता आपल्या ग्रुपवरच्या भीतीकडे येऊ. “कॉलेज ॲडमिशनचे काय?” 14 मार्च 2018 रोजी, पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात गेलेल्या 17 जणांसाठी, अमेरिकाभर मुले 17 मिनिटे वर्गाबाहेर पडली. काही शाळांनी निलंबनाची धमकी दिली. तेव्हा एमआयटी, येल यांच्यासारख्या अनेक संस्थांनी आधीच जाहीर केले, की शांततेने केलेल्या निषेधाची शिक्षा आम्ही प्रवेशाच्या आड येऊ देणार नाही. नागपूरने केले तेच. आणि कायदा? 1969 च्या टिंकर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निषेध म्हणून काळ्या फिती बांधणाऱ्या शाळकरी मुलांची बाजू घेतली. तरी तास बुडवला तर गैरहजेरी लागणारच. तो शाळेचा हक्क आहे. फक्त इतर कारणांनी तास बुडवणाऱ्यापेक्षा निषेध करणाऱ्याला जास्त शिक्षा नको. भारतातही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि मारताही येत नाही. आमच्या हेडमास्तरांचा दाखला आणि अंगठे, दोन्ही आठवीपर्यंत तरी आता बेकायदा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गैरहजेरी लागली ती लागू द्या. शाळेला फोन करून, “पोटात दुखत होते” असे खोटे कारण देऊन ती पुसून घेऊ नका. (दोघा-तिघांनी तशी तयारी केल्याचे कानावर आले आहे.) 1938 च्या मुलांनी हमी लिहून दिली असती तर दाखला टळला असता, पण मग सांगायला दाखला उरला नसता. शेंगांची टरफले उचलायला नकार देणाऱ्या बाळ टिळकांची गोष्ट आपल्या शनिवारच्या शाळेत आपणच दर वर्षी सांगतो. मुलांनी ती मन लावून ऐकली असेल, तर तक्रार कोणाकडे करायची?

एक मात्र मुलांना विचारायलाच हवे, आणि ओरडून नव्हे: कशासाठी बाहेर पडलात? मैत्रीण गेली म्हणून गेलो, असे उत्तर आले तर तेही ऐकून घ्या. लिंबाखाली आमच्यातले अर्धे तसेच बसले होते.

वॉकआउट केलेल्या आणि न केलेल्याही मुलांनी ‘मी का गेलो’ किंवा ‘मी का गेले नाही’ यावर मराठीत एक पान लिहून द्यावे. व्याकरण आम्ही सुधारणार नाही. दिवाळी अंकाची मुदत 5 ऑक्टोबर आहे.