चोरीचा माल मालकालाच 'उसना'? वा रे न्याय!

कोरियन सिरीज रात्रभर जागून बघणारे, बीटीएसची गाणी तोंडपाठ असणारे माझ्या यादीत बरेच जण आहेत. चांगलं आहे. पण त्या राजवाड्यांच्या सिरीजमध्ये जे विधी, मिरवणुका, पोशाख इतके बारकाईने दिसतात, ते कळायला एक मोठा आधार आहे. त्याचं नाव उइग्वे. आणि त्यातल्या २९७ खंडांची मालकी आजही कोरियाकडे नाही, फ्रान्सकडे आहे. आज लिहायचंय ते याच्याबद्दल.

उइग्वे म्हणजे जोसॉन राजघराण्याच्या कार्यांची दप्तरं. राजाचं लग्न, अंत्ययात्रा, बांधकाम, काहीही असो, काम संपलं की सगळं लिहून काढायचं. खर्च किती, सामान काय, मिरवणुकीत कोण कुठे, आणि सोबत रंगीत चित्रं. सुवॉनचा ह्वासंग किल्ला १७९६ साली बांधून झाला. त्याच्या उइग्वेत कारागिरांची नावं आहेत, कोणी किती दिवस काम केलं आणि किती मजुरी मिळाली तेही आहे. पुढे युद्धात किल्ल्याची पडझड झाली, आणि १९७० च्या दशकात तो याच दप्तराच्या आधाराने पुन्हा उभा केला. १९९७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. कागद नीट ठेवला तर पडलेला किल्लाही उभा राहतो, तो असा.

राजासाठी केलेल्या खास प्रती गांगह्वा बेटावर ओएग्यूजांगाक नावाच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या. बेट सुरक्षित म्हणून. १८६६ साली कोरियाने फ्रेंच धर्मप्रसारकांना ठार मारलं, हे खरं आहे आणि ते क्रूर होतं. त्याचा बदला म्हणून अ‍ॅडमिरल रोझची जहाजं आली. सैनिकांनी चांदी उचलली, निवडक ग्रंथ उचलले आणि उरलेल्या हजारो ग्रंथांसकट इमारत पेटवून दिली. माणसं मारली त्याचा सूड पुस्तकांवर? राजाच्या लग्नाच्या नोंदींनी कोणाचं काय बिघडवलं होतं?

लुटलेली दप्तरं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिनी पुस्तकं म्हणून पडून होती. शंभरहून अधिक वर्षं! ती शोधली पार्क ब्यंग-सन या कोरियन बाईंनी. त्या तिथेच नोकरीला होत्या. १९७५ मध्ये त्यांना ती सापडली, त्यांनी ही गोष्ट जगासमोर आणली आणि पुढे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मग त्या वाचक म्हणून त्याच ग्रंथालयात जाऊन एकेक खंड मागवून टिपणं काढत राहिल्या. बाईंना माझा मुजरा.

आता फ्रान्सचा व्यवहार बघा. १९९३ मध्ये कोरियाला वेगवान रेल्वे हवी होती, फ्रान्सला ती विकायची होती. अध्यक्ष मितराँ सोलला आले ते हातात एक खंड घेऊन. बाकीच्यांचंही आश्वासन दिलं. रेल्वे विकली गेली, २००४ मध्ये धावायलाही लागली. पुस्तकं? ती आली २०११ मध्ये. तीही कशी? पाच वर्षांच्या कराराने, दर वेळी नूतनीकरण करायचं. म्हणजे उसनी! ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यानेच दर पाच वर्षांनी दरोडेखोराच्या वारसाची सही आणायची. आणि याला म्हणायचं 'परत दिली'.

फ्रान्सचं उत्तर ठरलेलं आहे: राष्ट्रीय संग्रहातली वस्तू कायद्याने देता येत नाही. खोटं नाही, पण अर्धं आहे. मे २०१० मध्ये त्याच फ्रान्सच्या संसदेने खास कायदा करून माओरी लोकांची जतन केलेली मस्तकं न्यूझीलंडला द्यायला मंजुरी दिली. २०२० मध्ये आणखी एक कायदा करून बेनिनच्या २६ वस्तू मालकीसकट परत दिल्या. सार्कोझींनी कोरियाशी उसनवारीचा करार केला तो नोव्हेंबर २०१० मधला, म्हणजे माओरी कायद्यानंतर सहा महिन्यांनी. तेव्हा कायदा आडवा येत नव्हता राव, मन आडवं येत होतं.

कोणीतरी म्हणेलच, 'त्यांनी नेली म्हणून वाचली.' अहो, बाकीची जाळली कोणी?

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. जिकजी हे १३७७ साली चोंगजूच्या बौद्ध मठात धातूच्या खिळ्यांनी छापलेलं पुस्तक. धातूच्या खिळ्यांनी छापलेलं, आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तक, गुटेनबर्गच्या बायबलच्याही ७८ वर्षं आधीचं. तेही पॅरिसमध्येच आहे, पण ते एका फ्रेंच राजदूताने कोरियात मिळवून नेलं, नंतर १९११ मध्ये लिलावात १८० फ्रँकला विकलं गेलं. ती लूट नव्हती. तिथे विनंती करावी, वाटाघाटी कराव्यात. सगळं एकाच पारड्यात टाकलं की खऱ्या लुटीचा दावाही हलका होतो.

आणि आपण? २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तीन वर्षांसाठी. 'परत आणली' अशी भाषणं झाली. ती परत आलेली नाहीत, उसनी आलेली आहेत. शिवाय महाराजांनी वापरलेली तीच ही, याची खात्री खुद्द ते संग्रहालय देत नाही. कोरियन लोक निदान 'उसनवारी' हा शब्द गिळायला तयार नाहीत. तिथले अभ्यासक आजही मालकीबद्दल बोलतात. आपण मात्र शब्दच बदलून टाकला.

माझं म्हणणं एवढंच. लुटलेली वस्तू परत द्यायची तर मालकीसकट द्या. आणि ती तशी मिळाली नसेल, तर निदान आपण तरी 'परत मिळाली' म्हणू नका. पार्क बाईंनी २०११ च्या उन्हाळ्यात उइग्वे सोलला पोचलेली पाहिली आणि त्याच नोव्हेंबरात पॅरिसमध्ये त्या गेल्या. त्यांचं काम अर्धं राहिलंय. उरलेलं फ्रान्सच्या संसदेचं आहे, एका कायद्याचं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, मी इथेच आहे.