कुलवृत्तांतातली एक ओळ

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुलवृत्तांत आहे का? आमच्या सांगलीच्या घरी आहे. जाडजूड, पिवळ्या पडलेल्या पानांचा. त्यात माझ्या सासऱ्यांचे शिक्षण, नोकरी, बदल्या यांना सहा ओळी दिल्या आहेत. शेवटी पत्नीचे नाव आणि कंसात माहेरचे नाव. सासूबाईंच्या वाट्याला एवढेच!

खरं म्हणजे आमच्या सासूबाई हाच आमचा चालता-बोलता कुलवृत्तांत. कोण कुणाची चुलत सासू, कुणाचं लग्न कुठल्या साली, सगळं तोंडपाठ. मी नेहमी म्हणे, ‘सुट्टीत बसून लिहून घेईन हं!’ आम्ही साताऱ्यात, माझी इथे अर्धवेळ शाळा. ती सुट्टी काही आली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

मिरजेला दोन प्रकारचे उपचार सुरू झाले. बोलण्यासाठी वाचोपचार, आणि हातासाठी व्यवसायोपचार, म्हणजे घास घेणे, गुंडी लावणे, शेंगा सोलणे अशी रोजचीच कामे पुन्हा शिकवणे. मला आधी वाटलं, शेंगा सोलण्यात कसला आलाय उपचार? उत्तर मिळाले फलटणला.

शाळेच्या कामाने तिथे गेले होते. तिथली ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा १९८६ साली सुरू झाली. या कमलाबाई कोण, म्हणून चौकशी केली आणि थक्क झाले. मूळच्या त्या एलिझाबेथ लंडी. १९०० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, क्वेकर कुटुंबात जन्म. १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न झाले आणि त्या कमला झाल्या. मुंबईत संसार केला, मुले वाढवली. चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. परतल्यावर १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातले पहिले विद्यालय त्यांनी उभे केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता! त्यांचे चिरंजीव बनबिहारी यांनी फलटणला शेतीसंशोधनाची संस्था काढली. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या.

परतीच्या एस.टी.त मनात आलं, आमच्यासारख्या कुलवृत्तांतात त्यांची नोंद कशी झाली असती? ‘पत्नी सौ. कमला (माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी)’. बस्स! सासूबाईंच्या हातात शेंगा देणारी ती मुलगी ज्यांच्यामुळे या कामात आली, त्यांचे सारे काम त्या कंसाबाहेर राहिले असते.

वाचोपचाराच्या ताईंनी घरचे जुने फोटो आणायला सांगितले होते. एकेक फोटो दाखवायचा, नाव आठवू द्यायचे. एका फोटोत मशीनजवळ उभी असलेली लाल आलवणातली बाई होती. आमच्यापैकी कुणीच तिला ओळखेना. सासूबाईंनी डाव्या हाताचे बोट ठेवले. ओठ हलले, शब्द येईना. डोळे भरून आले. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वन्सं.” आणि बऱ्याच वेळाने, “मशीन... फी.”

मग यांच्या काकांना विचारले. ती सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. रात्री-रात्री शिवण करून तिने धाकट्या भावाची कॉलेजची फी भरली. कुलवृत्तांतात तिच्याबद्दल ‘एक कन्या’ एवढेच आहे. सासऱ्यांच्या शिक्षणाच्या त्या ओळी तिच्या शिवणावर उभ्या आहेत!

तुमच्याही घरी कुणाची वाचा अशी गेली असेल, तर ताईंनी सांगितलेल्या या गोष्टी उपयोगी पडतील. माणूस बहिरा झालेला नाही, तेव्हा ओरडू नका. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा. शब्द शोधत असेल तर घाईने आपण पुरा करू नका, थांबा. रेडिओ, टी.व्ही. बंद ठेवा. पाठ असलेले म्हणून पाहा. आमच्या सासूबाईंना ‘चहा’ म्हणता येत नव्हते, पण आरती सुरू केली की मागोमाग कितीतरी शब्द येत. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ‘यांना काही कळत नाही’ असे चुकूनही बोलू नका. बऱ्याचदा सगळे कळत असते.

आणि ज्यांच्या घरी सासूबाई, आई, आत्या अजून घडाघडा बोलताहेत, त्यांनी माझ्यासारखी सुट्टीची वाट पाहू नये. दोनशे पानी वही आणा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. बायकांची नावे लिहिताना माहेरचे नाव तर लिहाच, पण तिने काय केले तेही लिहा. शिवण, शिकवण्या, बाळंतपणे, पापड, शेती, काहीही.

मी वही केली आहे. पहिल्या पानावर वन्संचे नाव आहे. ते नाव सांगायला सासूबाईंना तीन आठवडे लागले.