परवानगी महाग, माफी स्वस्त

नोकरीनिमित्त रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसास हे शहर फार परके वाटत नाही. १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा जुन्या घरावर एखादी खोली चढवावयाची, किंवा वृद्ध आईसाठी खाली न्हाणीघर काढावयाचे, तर येथे 'भवन अनुज्ञा' लागते. तिच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सरकार छत्तीसगडचे असो वा महाराष्ट्राचे, घरातील वाढीव बांधकामाबाबत ते कायदा पाळणाऱ्यास थकवते आणि मोडणाऱ्यास कालांतराने पावती देते.

काहीच सुधारले नाही, असे मी म्हणत नाही. पाच हजार चौरस फुटांपर्यंतच्या निवासी भूखंडांना ऑनलाइन, मानवी हस्तक्षेपाविना अनुज्ञा देणारी प्रणाली छत्तीसगडने जानेवारी २०२२ मध्ये सुरू केली. प्रक्रिया शुल्क अवघा एक रुपया. जागतिक बँकेच्या बांधकाम परवान्यांच्या क्रमवारीतही २०१८च्या अहवालात १८१वा असलेला भारत २०२०च्या अहवालात २७वा झाला. परंतु त्या क्रमवारीत मोजले जात होते ते दिल्ली आणि मुंबईत नवे गोदाम उभारण्यास लागणारे दिवस. आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे बँकेने २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. जुन्या घरावर खोली चढवणाऱ्याचे दिवस मात्र कोणीच मोजले नाहीत.

आणि खरी अडचण त्याचीच आहे. संगणकास मोकळा भूखंड समजतो. शेजाऱ्याच्या भिंतीस भिंत लावून उभे असलेले आजोबांच्या काळातले घर समजत नाही. चहूबाजूंनी सोडावयाची जागा तेथे मुळातच नसते, मंजूर नकाशा हरवलेला असतो, फेरफार राहून गेलेला असतो. नियमाप्रमाणे जावे तर अर्ज अडतो. मग कंत्राटदार सल्ला देतो, "साहेब, बांधून टाका, पुढे बघू."

हा सल्ला अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही, हेच आपले दुर्दैव. कारण ते 'पुढे' खरोखरच येते. छत्तीसगडने अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा २००२ मध्ये केला आणि २०२२ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा दार उघडले. पैसे भरून पार्किंगची उणीवही भरून काढण्याची सोय केली. महाराष्ट्राने गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लावली. किडलंड आणि प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवले होते की पूरक्षेत्रात घरे बांधू नका असे सरकार कितीही सांगो, घरे झाल्यावर ते बंधारा बांधणारच हे लोक ओळखतात, आणि म्हणून बांधतात. आपल्याकडे बंधाऱ्याच्या जागी माफी आहे, एवढाच फरक.

"मग गरिबांची घरे पाडावयाची काय?" असा प्रश्न विचारला जाईल. मुळीच नाही. परंतु गरिबाच्या छपरास पुढे करून व्यापारी इमारतीचे पार्किंग माफ करणे ही करुणा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे की नियमितीकरण हे अपवादात्मक परिस्थितीत, सविस्तर सर्वेक्षणानंतर, निवासी घरांपुरते आणि एकदाच असावे. आपल्याकडे अपवादाचाच रिवाज झाला आहे.

शिवाय माफीने कागद नियमित होतो, खांब नव्हे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. चोरून केलेल्या कामावर अभियंत्याची नजर नसते, आणि त्याची किंमत बहुधा वरच्या मजल्यावरचे निरपराध लोक मोजतात.

उपाय अवघड नाहीत. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत गिलावा, फरशी, रंग, छप्पर बदलणे, अंतर्गत आडभिंत अशा कामांना, मजबुती व अग्निसुरक्षेस बाध येत नसेल तर, परवानगी नको असे म्हटले आहे. ती यादी प्रत्येक झोन कार्यालयाच्या दारावर लावावी. एका खोलीपुरत्या वाढीस अभियंत्याच्या सही-शिक्क्यासह केवळ सूचना पुरेशी मानावी; सही खोटी ठरल्यास परवाना त्याचा जावा. जुन्या वस्त्यांसाठी मोकळ्या जागेचे वेगळे, पाळता येतील असे नियम करावेत. एवढे केल्यावर मात्र माफीचे दार कायमचे लावून घ्यावे.

मी स्वतः शासनाचा नोकर आहे, म्हणून हे अधिकच जबाबदारीने लिहितो. पाळता न येणारा नियम आणि ठराविक वर्षांनी येणारी माफी या दोहोंत सोय कोणाची होते, हे खिडकीच्या आतल्या बाजूस बसणाऱ्या आम्हा लोकांस पुरते ठाऊक असते. घरमालकाची त्यात सोय होत नाही. आपण ज्या गावी, ज्या राज्यात असाल, तेथील नगरसेवकास पुढच्या वेळी माफीची मुदत विचारू नका. ती यादी दारावर का नाही, हे विचारा.