अर्थसंकल्प दरवर्षी कशासाठी?

फेब्रुवारीची पहिली तारीख उजाडली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा काय स्वस्त झाले आणि काय महाग? नोकरदार प्राप्तिकराची मर्यादा पाहतो, व्यापारी जकातीचे दर चाळतो आणि दोन दिवसांत चर्चा विरून जाते. सरकारला हा खटाटोप दरवर्षी का करावा लागतो, पाच वर्षांचा हिशेब एकदाच मांडून का भागत नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पाऊस, भाव आणि करवसुली यांचा अंदाज फार पुढचा बांधता येत नाही, हे एक कारण झाले. मूळ कारण याहून खोल आहे. इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविण्यास राजाला मनाई केली. पुढे खर्चाचा पैसाही अल्प मुदतीसाठीच मंजूर करण्याचा पायंडा पडला. त्यामुळे राजाला दरवर्षी पार्लमेंट बोलावणे भाग पडले.

आपल्या राज्यघटनेने हेच तत्त्व स्वीकारले आहे. अनुच्छेद ११२ नुसार सरकारने दर आर्थिक वर्षाचे वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे ठेवावे लागते. कायद्यावाचून कर घेता येत नाही आणि संसदेच्या मंजुरीवाचून एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. ही मंजुरी ३१ मार्चला संपते. बहुमत कितीही मोठे असो, १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी पुन्हा परवानगी घ्यावीच लागते. निवडणुकीच्या वर्षीही यातून सुटका नाही. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडून लेखानुदान घेण्यात आले आणि नव्या सरकारने २३ जुलैला पूर्ण अर्थसंकल्प मांडला.

अर्थसंकल्प ही अशी दरवर्षी मागितलेली परवानगी आहे. म्हणूनच ती देताना प्रश्न विचारले जाणे अगत्याचे ठरते. प्रत्येक मंत्रालयाच्या मागणीत केवळ शंभर रुपयांची कपात सुचवून खासदाराला आपल्या भागातील गाऱ्हाणे सभागृहात मांडता येते. रक्कम नाममात्र असली तरी तिच्यामुळे मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

दुर्दैवाने ही संधी आक्रसत चालली आहे. ठरलेल्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. या पद्धतीला 'गिलोटिन' म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही. २०२३ मध्ये दोन्ही बाजूंच्या गदारोळात सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. १९९३ पासून संसदेच्या स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात, हे खरे आहे. परंतु समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. जनतेसमोर मंत्र्याने दिलेल्या उत्तराची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

यात दोष एकट्या सरकारचा नाही. सभागृह बंद पाडणारे विरोधकही त्यास जबाबदार आहेत, आणि काही अंशी आपणही. करसवलतीपलीकडे पाहण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही. आपल्या गावचे आरोग्य केंद्र, शाळा, रस्ता यांसाठी गेल्या वर्षी किती मंजूर झाले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, हे आपण आपल्या खासदार-आमदारांना विचारतो का? ज्या परवानगीसाठी सरकारला दरवर्षी यावे लागते, ती आपल्याच नावाने दिली जाते. तिचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.