जर्मनीत उन्हाळी कोर्स आणि दर शनिवारी नवा देश: शेंगेन व्हिसा नेमकं काय करू देतो?

जून-जुलैमध्ये इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येतं. सोमवार ते शुक्रवार म्युनिकमध्ये वर्ग, शनिवारी सकाळी साल्झबर्ग, पुढच्या शनिवारी प्राग, त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने व्हेनिस. पाठीवर सॅक, हातात कॉफी. आणि खाली कमेंटमध्ये आपल्याकडची मुलं विचारत असतात, "एकाच व्हिसावर एवढं फिरता येतं का?"

येतं. पण त्या रीलमधला मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा अमेरिकन असते, हे आधी लक्षात घ्या. अमेरिकन पासपोर्टवर युरोपात ९० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. त्यामुळे "काही नाही रे, बॅग भर आणि नीघ" हा सल्ला त्यांच्यासाठी बरोबर असतो. भारतीय पासपोर्टवर तोच सल्ला महागात पडू शकतो, कारण आपल्या पासपोर्टमध्ये एक स्टिकर असतो आणि त्यावर काही आकडे छापलेले असतात. सगळा खेळ त्या आकड्यांचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावात, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपसातली सीमा-तपासणी बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्ष अंमलबजावणी व्हायला १९९५ उजाडलं. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीत आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये असूनही शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन तर दोन्हींत नाही. वीकेंडचा प्लॅन फसतो तो बहुतेक याच गोंधळामुळे.

स्टिकरवर काय बघायचं?

दोन महिन्यांच्या कोर्ससाठी साधारणपणे 'सी' प्रकारचा, म्हणजे अल्प मुदतीचा व्हिसा मिळतो. त्यावर "पासून-पर्यंत" अशा दोन तारखा असतात आणि त्याशिवाय मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. लोक तारखा बघतात, दिवस बघत नाहीत.

उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीचा कोर्स १ जूनला सुरू होतो, परतीचं तिकीट ३१ जुलैचं आहे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणजे ६१ दिवस झाले. स्टिकरवर मुदत १५ ऑगस्टपर्यंतची असते, कारण प्रवास पुढे-मागे झाला तर अडचण नको म्हणून १५ दिवसांची सवलत साधारणपणे मुदतीत धरलेली असते. तिला वाटतं, चला, दोन आठवडे जास्तीचे मिळाले, ग्रीस करून येऊ. पण मुक्कामाच्या रकान्यात ६१ लिहिलं असेल, तर तिचा हक्क ६१ दिवसांचाच. ती सवलत मुक्काम सरकवण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही. १ ऑगस्टचा मुक्कामही बेकायदा ठरतो.

यावर अजून एक मोजणी असते: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस कॅलेंडरचे सहा महिने नसतात. तुम्ही शेंगेनमध्ये असलेल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे असतात. मार्चमध्ये आई-बाबांबरोबर दहा दिवस पॅरिसला जाऊन आला असाल, तर ते दहा दिवस जुलैतही तुमच्या खात्यावर असतात. युरोपियन युनियनच्या वेबसाइटवर यासाठी मोफत कॅल्क्युलेटर आहे, तारखा टाकल्या की हिशेब मिळतो.

पूर्ण सेमिस्टरसाठी गेलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्याकडे 'डी' प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असतो. ज्या देशाने तो दिला, तिथले दिवस ९० मध्ये धरत नाहीत. बाकीच्या शेंगेन देशांत फिरताना मात्र ९०-१८० चा नियम त्यांनाही लागू आहे.

लंडनचा शनिवार-रविवार

स्टिकरवर 'प्रवेशांची संख्या' असा आणखी एक रकाना असतो. तिथे ०१ असेल, तर शेंगेनमध्ये एकदाच आत जाता येतं. म्युनिकहून प्राग, प्रागहून व्हिएन्ना, व्हिएन्नाहून व्हेनिस यांत तुम्ही बाहेर पडतच नाही, म्हणून कितीही फिरा. पण लंडन किंवा डब्लिनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि तो एकमेव प्रवेश संपला. रविवारी रात्री परत यायला विमानात घेणारच नाहीत. कोर्स, हॉस्टेलमधलं सामान, परतीचं तिकीट सगळं म्युनिकमध्ये आणि तुम्ही लंडनच्या विमानतळावर.

शिवाय लंडनला जायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, तो आधीच भारतातून काढलेला बरा. कोर्सच्या मधे अर्ज करायचा म्हटलं, तर कागदपत्रांसाठी पासपोर्ट हातावेगळा करायची वेळ येऊ शकते, आणि वीकेंडला फिरायला तोच तर जवळ हवा.

पासपोर्ट जवळ हवा हे फक्त लंडनसाठी नाही. शेंगेनमध्ये सीमेवर कोणी विचारत नाही, हे आता अर्धसत्य आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या, म्हणजे नऊही शेजाऱ्यांच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवली. ऑस्ट्रियाच्या सीमेवर तर ती २०१५ पासूनच आहे. साल्झबर्गहून म्युनिकला परतताना गाडीत पोलीस चढतात. फोनमधला पासपोर्टचा फोटो तिथे चालत नाही.

यंदा बदललं काय?

आधी पासपोर्टवर शिक्का बसायचा आणि अधिकारी बोटं मोडत दिवस मोजायचा. पुसट शिक्का असला की एखाद-दोन दिवस निसटून जायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने 'एंट्री-एक्झिट सिस्टिम' टप्प्याटप्प्याने सुरू केली, आणि १० एप्रिल २०२६ ही पूर्ण अंमलबजावणीची तारीख ठरवली. अल्प मुदतीसाठी येणाऱ्या बिगर-युरोपीय प्रवाशाची ये-जा यात कॉम्प्युटरवर नोंदवली जाते, चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. आपले बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. दिवसांचा हिशेब आता मशीन करतं. मुदतीपेक्षा जास्त राहिलात, तर तशी नोंद आपोआप तयार होते. सर्वसाधारण नोंद तीन वर्षं राहते, बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षं. विशीतल्या विद्यार्थ्याला पुढे मास्टर्ससाठी अर्ज करायचा असतो, तेव्हा ही पाच वर्षं ऐन मोक्याची असतात.

याच सुमारास 'इटियास' नावाचीही चर्चा रील्समध्ये चालते. ती पूर्वपरवानगी व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांनी त्यासाठी कुठल्या वेबसाइटवर पैसे भरायचे नाहीत.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा?

नियम असा की जिथे मुख्य काम किंवा सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे. कोर्स म्युनिकला असेल तर जर्मनी. "जर्मनीचा स्लॉट मिळत नाही, अमुक देशाचा पटकन मिळतो, तिथून काढ" असं सांगणारे एजंट भरपूर आहेत. पण तुमची दोन महिन्यांची हॉस्टेलची पावती एका देशाची आणि व्हिसा दुसऱ्याच देशाचा असेल, तर विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारणार. खोट्या कारणाने मिळवलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण १५ टक्के नाकारले गेले. अशा स्पर्धेत स्वतःहून संशय ओढवून घेण्यात शहाणपणा नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत वाढू शकतात. किमान ३० हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतोच. अर्जाबरोबरच्या पत्रात वीकेंडचे बेत मोकळेपणाने लिहा आणि ब्रिटन करायचं असेल, तर बहुप्रवेश व्हिसा का हवा हे स्पष्ट मागा.

आणि एक गोष्ट, जी एजंट सहसा सांगत नाहीत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना युरोपच्या व्हिसा संहितेत हे शुल्क माफ आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते द्यावं लागतं. मात्र अर्जात प्रवासाचा हेतू 'पर्यटन' लिहिला, तर ही माफी मागता येत नाही.

खर्चाचं काय?

वीकेंडचा खर्च वाढतो आहे, आणि तो मुद्दाम वाढवला जातो आहे. गर्दीला कंटाळलेल्या शहरांनी दिवसभराच्या पाहुण्यांकडे मोर्चा वळवलाय. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेश शुल्क लावलं, पुढच्या वर्षी दिवस वाढवले आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ते १० युरो केलं. रात्री शहरात राहणाऱ्यांना ते नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. त्याच रांगेत उभा असलेला, युरोपात राहणारा २६ वर्षांखालचा विद्यार्थी मात्र फुकट आत जातो. राहणीमानाच्या फरकाचा विचार केला तर हे उलटंच आहे, पण नियम तसा आहे.

स्वस्तातला मार्ग म्हणजे जर्मनीचं 'डॉइचलांडटिकेट'. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. देशभरातल्या लोकल, मेट्रो, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, वेगवान आयसीई चालत नाही. म्युनिकहून साल्झबर्गपर्यंत प्रादेशिक गाडीने त्याच पासवर जाता येतं, प्रागला नाही. फक्त हे तिकीट म्हणजे सबस्क्रिप्शन आहे, दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातात. जुलैअखेर परतायचं असेल तर ते १० जुलैपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर ऑगस्टचेही ६३ युरो जातात.