वाटणीचे कारण

1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य भारत हे राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले, राजधानी भोपाळ ठरली आणि ग्वाल्हेरचा हिवाळी राजधानीचा मान संपला. पण सगळी दप्तरे भोपाळला गेली नाहीत. महसूल मंडळ ग्वाल्हेरला आले, महालेखाकारांचे कार्यालयही. उच्च न्यायालय जबलपूरला बसले, त्याची खंडपीठे इंदूर-ग्वाल्हेरला. ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या सरकारी क्वार्टर्समधून सकाळी डबा घेऊन निघणाऱ्यांना ही वाटणी का झाली, हे सांगावे लागत नाही.

संगणकातली एक जुनी वाटणी मात्र कारण विसरूनही टिकली. 1971च्या सुमारास बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्स प्रणाली पीडीपी-11 यंत्राच्या पहिल्या डिस्कवर मावेना. अगदीच लहान ती डिस्क. आज मोबाइलवरचा एखादा फोटोही तिच्यात बसणार नाही. मग प्रणालीचा काही भाग दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या 'यूएसआर' डिरेक्टरीत सरकवला. माणसांच्या खोलीत कोठीचे सामान शिरले आणि पुढे माणसांनाच 'होम' नावाची दुसरी खोली शोधावी लागली.

डिस्क मोठ्या झाल्या, तरी यूएसआर वेगळे ठेवण्याची रीत चाळीस वर्षे चालली. 2012 साली फेडोरा 17 या लिनक्स प्रणालीने 'बिन' (आज्ञा) आणि 'लिब' (लायब्ररी) या डिरेक्टरी यूएसआरमध्ये एकत्र केल्या. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीनेही 2023च्या बाराव्या आवृत्तीत तीच रचना पक्की केली. हा निर्णय योग्यच होता. यंत्र सुरू होतानाच लागणारी बरीच हत्यारे आधीच यूएसआरमध्ये गेली होती; यूएसआर अजून न जोडलेल्या पार्टिशनवर असेल, तर ती काय कामाची?

'व्हार' या डिरेक्टरीचे तसे नाही. लॉग, मेल, डेटाबेस तिथे साठतात, एका रात्रीत फुगतात आणि रूट पार्टिशन भरले की कामकाज ठप्प होते. सर्व्हरवर ते वेगळे काढावेच. आधी सेवा थांबवाव्यात, मालकी आणि परवानग्यांसह नक्कल करावी, एफएसटॅब या माउंटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी पार्टिशनचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक लिहावा. जुनी डिरेक्टरी लगेच पुसू नये, नाव बदलून ठेवावी. यंत्र नीट सुरू झाल्याची खात्री पटली की मगच काढावी. जुन्या फायली नव्या माउंटखाली तशाच राहिल्या, तर दिसत नाहीत आणि जागा मात्र अडवतात.

तुमच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर कोणते पार्टिशन कशासाठी केले, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. बदली होऊन येणाऱ्या माणसाच्या हातात पासवर्डच्या आधी तो कागद द्या.