उथळ नदीला हलक्यात घेऊ नका

जून लागला की सस्क्वेहॅना नदीवर कयाक सोडायचे बेत सुरू होतात. पेनसिल्व्हेनियात आणि शेजारच्या न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांच्या गॅरेजमध्येही आता कयाक टांगलेली दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना स्मॉलमाऊथ बास या माशाचं वेड लागलेलं आहे. वेड चांगलं आहे, मलाही आहे. म्हणूनच मोसमाच्या तोंडावर चार गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. त्यातली मुख्य एकच: नदी उथळ दिसते म्हणून तिला हलक्यात घेऊ नका.

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या तळ्यातून निघालेली ही नदी सुमारे 444 मैल वाहून चेसापीक उपसागराला मिळते. सनबरीला तिच्या दोन शाखा एकत्र येतात आणि तिथून पात्र पसरत जातं. मिलर्सबर्गला अजूनही जुन्या पद्धतीची लाकडी फेरीबोट माणसं आणि गाड्या पलीकडे नेते. तिथे नदी जवळपास मैलभर रुंद आहे. एवढ्या रुंद पात्रात भर उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पाणी जेमतेम गुडघ्याएवढं असतं. नदीला आडवे गेलेले खडकांचे पट्टे, मध्ये बेटं, दगडांखाली क्रेफिश आणि सतत खळाळतं पाणी. स्मॉलमाऊथला आणखी काय हवं? हा मासा मूळचा इथला नाही, तो ग्रेट लेक्स आणि ओहायोच्या बाजूचा. 1854 मध्ये थोडे मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगरापलीकडे आणून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात सोडले गेले, पुढे पूर्वेकडच्या इतर नद्यांतही सोडले, आणि तो इथलाच होऊन गेला.

दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू करा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नदीवर ठिकठिकाणी पाणीपातळी मोजणारी केंद्रं बसवली आहेत आणि त्यांचे आकडे फोनवर फुकट दिसतात. ते बघितल्याशिवाय घर सोडू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला पाऊस झालेला असू शकतो, आणि पाणी चढतंय की उतरतंय हे काठावर उभं राहून कळत नाही. पाणी चढत असेल आणि गढूळ असेल तर बेत पुढच्या रविवारवर ढकला. एक गाडी उतरायच्या जागी आधीच लावून ठेवा. कुठे कयाक सोडणार, कुठे बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत, हे घरी लिहून द्या. मासेमारी करत जाताना दिवसाला सहा-सात मैल पुष्कळ झाले. लांबचा पल्ला ठरवला की शेवटचे दोन तास थकलेल्या हातांनी, अंधाराशी शर्यत करत वल्हवावं लागतं.

सकाळचे पहिले दोन तास सोन्यासारखे. ऊन तिरपं असतं, मासा बेटांच्या कडेला उथळ पाण्यात आलेला असतो आणि पाण्यावर बुडबुडत जाणारं पॉपरचं आमिष बघून झडप घालतो. ऊन चढलं की तो खडकांच्या आडोशाला सरकतो. स्मॉलमाऊथ भर धारेत उभा राहून ताकद घालवत नाही. जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं, त्या रेषेच्या आतल्या बाजूला तो दबा धरतो आणि धारेने आणलेलं भक्ष्य उचलतो. म्हणून आमिष वरच्या अंगाला टाका आणि तळाला लागत लागत खाली येऊ द्या. क्रेफिशच्या रंगाचं साधं रबरी ट्यूब पुरतं. महागड्या आमिषांनी भरलेली पेटी लागत नाही.

आणि इथेच घात होतो. दोन पौंडांचा मासा धारेत कयाक फिरवू शकतो. तुमचं सगळं लक्ष दोरीकडे, आणि तेवढ्यात कयाक आडवी होऊन खडकावर टेकते. अशा वेळी माणूस साहजिकच खडकापासून दूर झुकतो. वरून येणारं पाणी त्याच क्षणी त्या बाजूने आत घुसतं आणि कयाक उलटते. झुकायचं ते खडकाच्या दिशेला, त्याला कवेत घेतल्यासारखं. मासा गेला तर जाऊ द्या. धारेत नांगर कधीही कयाकच्या कुशीला बांधू नका. टोकालाच बांधा, तोही एका झटक्यात सोडता येईल असा, आणि दोर कापायला सुरी अंगावरच्या लाइफ जॅकेटला अडकवलेली ठेवा. रॉड, वल्हं किंवा पेटी दोरीने स्वतःच्या अंगाला जखडू नका.

पडलातच तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि आपल्या मनाला सगळ्यांत न पटणारं. पाणी मांडीएवढंच आहे, मग उभं का राहू नये? कारण तळाशी दगडांच्या फटी आहेत. त्यात पाऊल अडकलं की मागून येणारी धार माणसाला पुढे पालथं पाडते आणि दाबून धरते. पट्टीचे पोहणारे अशा उथळ पाण्यात बुडालेले आहेत. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पाण्यावर ठेवा, आणि संथ पाणी लागेपर्यंत तसेच वाहत जा.

बंधाऱ्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. हॅरिसबर्ग शहरात, सिटी आयलंडच्या थोडं खाली, डॉक स्ट्रीट बंधारा आहे. उंची जेमतेम काही फूट. वरून येताना तो दिसतच नाही. पाण्यावर एक सपाट रेघ दिसते आणि पलीकडची झाडं थोडी बुटकी वाटतात, एवढंच. पण वरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि आत आलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून खाली दाबतं. तिथलं पाणी हवेने इतकं फेसाळलेलं असतं की लाइफ जॅकेटही पुरेसं तरंगवत नाही. या बंधाऱ्याने आजवर अनेकांचे जीव घेतले आहेत आणि वाचवायला गेलेले लोकही अशा जागी अडकतात. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या कोल्हापुरी बंधाऱ्याजवळ पोरांना जाऊ न देणारी आपल्याकडची म्हातारी माणसं आठवा, कारण धोका तोच आहे. खालच्या बाजूनेही जवळ जाऊ नका. पायथ्याशी मासे जमतात म्हणून मोह होतो, पण उलटं फिरणारं पाणी खालूनही ओढतं. 1998 च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात अशा बंधाऱ्यांच्या वर-खाली पाट्या आणि तरंगते इशारे लावणं मालकांना बंधनकारक आहे. इशारा दिसला की काठ गाठा. आणि तो वाहून गेलेला असू शकतो, म्हणून नकाशावर बंधारा कुठे आहे हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.

आता माशाबद्दल. हा मासा लढतो जोरात, पण वाढतो सावकाश. नदीत बारा इंचांचा व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. 2005 च्या उन्हाळ्यात या नदीतली स्मॉलमाऊथची पिल्लं अंगावर जखमा होऊन मोठ्या प्रमाणात मेली आणि पुढे कित्येक वर्षं मासे रोडावले. 2015 मध्ये राज्याच्या अभ्यासातून संप्रेरकांवर परिणाम करणारी रसायनं, तणनाशकं आणि रोगजंतू ही संभाव्य कारणं पुढे आली. मासे रोडावल्यामुळे, या अभ्यासाच्या आधीच, सनबरीपासून होल्टवूड धरणापर्यंत धरलेला बास लगेच सोडण्याचा नियम आला होता. आज मासे पुन्हा बरे मिळतात. कालवणासाठी मासा बाजारातून आणा, हा नदीतच राहू द्या. तसंही या राज्यात गळाने धरलेला मासा आठवड्यातून एका जेवणापेक्षा जास्त खाऊ नये असा सरकारचाच सल्ला आहे.

सोडतानाही काळजी घ्या. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवा म्हणजे सहज निघतो. हात ओले करून मगच माशाला लावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासूनचा बचाव असतो. तापलेल्या कयाकवर त्याला ठेवू नका, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरून ठेवू नका. वसंतात पाणी 60 अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की नर खळग्यात अंड्यांची राखण करत बसतो. तो तिथून हलला की छोटे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. घरट्यावर बसलेला नर दिसला तर त्याच्यापुढे गळ टाकू नका.

सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. सुट्टीत भारतातून आलेले बाबा नुसती हौस म्हणून रॉड धरणार असतील तरी त्यांनाही लागतो. पर्यटकांसाठी थोड्या दिवसांचे परवाने मिळतात. राज्याच्या मासेमारी आणि नौका आयोगाच्या घाटावरून कयाक सोडायला वेगळी परवानगी घ्यावी लागते.

शेवटी लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदी दरवर्षी तेच दाखवतात: नौकाविहारात बुडालेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियात 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल या काळात कयाकमध्ये प्रत्येकाने ते अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे. कारण सरळ आहे. एप्रिलमध्ये हवा 70 अंश असली तरी पाणी 50 च्या खाली असू शकतं, आणि अशा पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला एक मिनिट आणि हातपाय चालेनासे होण्याआधी जेमतेम दहा मिनिटं मिळतात. बारा आणि त्याखालच्या मुलांना कयाकमध्ये ते बाराही महिने सक्तीचं आहे. मोठ्यांनी मे ते ऑक्टोबर नुसतं जवळ ठेवलं तरी कायद्याला चालतं, नदीला चालत नाही. कयाकच्या मागे बांधलेलं जॅकेट पडल्यावर घालता येत नाही. म्हणून काठावर असतानाच घाला, सगळे पट्टे आवळा आणि संध्याकाळी पुन्हा काठावर पाय टेकेपर्यंत काढू नका.